उजवी बाजू

१

हे कुणालाही सांगायचं नाही, असं मी आईला कबूल केलं आहे. सांगणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, अशी एक पळवाट मी शोधली आहे. ती फारशी बरी नाही हे मलाही कळतं. पण मी तशी बोलतच नाही. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणते तेव्हाही बाई चष्म्यावरून दोनदा बघतात. त्यामुळे मी कुणाशी बोलेन अशी भीती आईला नव्हती. वहीचा विचार तिने केला नसावा.

ही विज्ञानाची प्रयोगवही आहे. हिची मागची पानं कोरी आहेत. प्रयोग लिहायचा तर साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान, असा क्रम असतो. साहित्य आणि कृती मला झोपेतून उठवून विचारली तरी येईल. निरीक्षणंही आहेत. अनुमानाची जागा मी रिकामी सोडणार आहे.

आज रविवार. सकाळचे साडेआठ झाले आहेत. दहा वाजता आमची गाडी विकत घेणारे गृहस्थ येतील आणि गाडी घेऊन जातील. आई आणि मामा कागदांवर सह्या करायला गेले आहेत. आई मलाही बरोबर चल म्हणत होती. मी म्हटलं, प्रयोगवही पूर्ण करायची आहे, उद्या द्यायची आहे.

"मागच्या खोलीत बसून लिही," आई चपला घालताना म्हणाली. "पायरीवर यायचं नाही. गाडीला हात लावायचा नाही."

"धुवायची नाही?"

"जशी आहे तशी नेतील ते. ऐकतेस ना?"

मी मान हलवली. आता मी पायरीवर बसले आहे, आणि माझे हात कोपरापर्यंत ओले आहेत.

२

गाडी गडद निळी आहे. सावलीत काळीच वाटते. बाबा तिला 'बाईसाहेब' म्हणायचे. त्यावर आई म्हणायची, "घरात एक होती ती पुरत नव्हती वाटतं."

घराला लागून पत्र्याचं छप्पर आहे, त्याखाली ती उभी असते. डावीकडे स्वयंपाकघराचं दार आणि ही पायरी. उजवीकडे विटांची भिंत. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच फट आहे. फटीच्या मागच्या टोकालाही भिंतच आहे, म्हणजे आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच, पुढून.

बाबा गॅरेजात गाड्या रंगवायचे. लोकांनी ठोकलेल्या, खरवडलेल्या गाड्या ते नव्यासारख्या करून द्यायचे. त्यामुळे घरची गाडी धुणं म्हणजे आमच्याकडे परीक्षाच असायची. मी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा मदतीला गेले आणि थेट साबणाचं फडकं बॉनेटवर टेकवलं. बाबांनी माझं मनगट हवेतच धरलं.

"चिमटे, धूळ तशीच ठेवून फडकं फिरवलंस, तर ते फडकं नाही, पॉलिश पेपर आहे. आधी नुसतं पाणी. धूळ आपल्या पायांनी खाली उतरली पाहिजे."

चिमटी हे माझं नाव फक्त बाबाच घ्यायचे. चिमूटभर बोलते म्हणून.

मग बाकीचे नियम आले. ऊन असेल तर धुवायची नाही, पाणी सुकून डाग पडतात. भांड्यांचा साबण वापरायचा नाही. बादल्या दोन. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. धुण्याचा लोकरी हातमोजा साबणात बुडवायचा, एक पट्टी धुवायची, मग दुसऱ्या बादलीत खळबळून त्याची माती काढायची आणि मगच पुन्हा साबणात. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त माती खाली असते. मोजा जमिनीवर पडला तर तो मोजा संपला. त्याने पुढे फक्त चाकं पुसायची. पॉलिश वर्षातून एकदा, कारण प्रत्येक पॉलिशला थोडा थर झिजतो.

"कसला थर?"

"तुला हा निळा दिसतो ना, तो वर नाहीच. वर काचेसारखा एक थर आहे, तुझ्या वहीच्या पानापेक्षा बारीक. आपण धुतो तो तोच. रंग त्याच्या आत आहे."

"आत म्हणजे किती आत?"

"बघशील तितका," बाबा म्हणाले आणि हसले.

आणि सगळ्यात मोठा नियम: हात गोल फिरवायचा नाही. सरळ, पुढून मागे. गोल फिरवला की रंगावर कोळिष्टकासारख्या बारीक रेघा उमटतात आणि उन्हात गाडी म्हातारी दिसते.

"मग खिडकीची काच सगळे गोलच पुसतात, ती?"

"तिथे पलीकडचं बघायचं असतं. वाफ धरली की माणूस हात गोल फिरवून तेवढंच एक भोक पाडतो, डोळा लावायला. इथे पलीकडे कोण बसलंय?"

डावी बाजू माझी, उजवी बाबांची. त्या फटीत काम करायची सवय त्यांनाच होती. आपली बाजू झाली की ते टपावर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "माझी झाली. तुझी?"

माझी झाली नसेल तर मी म्हणायची, "अजून थोडं राहिलंय." मग ते फटीतच उभे राहून वाट बघायचे, शीळ वाजवत. झाली असेल तर म्हणायची, "माझीही झाली." मग ते म्हणायचे, "चल, बाजू बदल." ते माझ्या बाजूला यायचे, मी फटीत शिरायची, आणि आम्ही एकमेकांचं काम तपासायचो. उत्तर मिळाल्याशिवाय ते कधीही इकडे आले नाहीत. एकदा मला कार्टून बघायचं होतं म्हणून दाराखालची पट्टी न धुताच मी "माझीही झाली" म्हटलं. बाबांनी बघितलं, गुडघे टेकून ती पट्टी स्वतः धुतली. त्यांना त्या दिवशीही खोकला होता. त्यानंतर या बाबतीत मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही.

३

बाबांच्या फुफ्फुसांत रंग साठला होता. डॉक्टरांनी दुसरा शब्द सांगितला, पण अर्थ तोच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर उडवलेला रंग थोडाथोडा आतही बसत गेला.

शेवटच्या शनिवारी दुपारी मी दवाखान्यात त्यांच्या खाटेजवळ बसले होते. एक वाक्य बोलायला त्यांना तीन श्वास लागत होते.

"उद्या... गाडी धुणार ना?"

"तुम्ही आल्यावर धुऊ."

"नको. धूळ बसते. डावी तू कर." मग खोकला. मग पाणी. "उजवी माझ्यासाठी ठेव. आलो की करतो."

"नक्की?"

"मी कधी अर्धी गाडी सोडलीय का गं?"

ते बुधवारी गेले.

मी उजवी बाजू ठेवली. नऊ महिने ठेवली. दर रविवारी सकाळी डावी बाजू धुतली, पुसली, आणि टपावर जिथपर्यंत माझा हात पोचतो, तिथे थांबले. उजवीकडे धूळ बसत गेली. आधी निळ्यावर राखाडी, मग राखाडीवर तपकिरी. गाडी पुढून बघितली की बरोबर मधोमध रेघ दिसायची.

मामा येईल तेव्हा चिडवायचा. "ही काय न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी करून पळून आलेली गाडी?" एकदा तो स्वतःच फडकं घेऊन निघाला. मी फटीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

"असू दे रे," आई आतून म्हणाली. "तिची गंमत आहे ती."

गंमत नव्हती. ती बाजू धुतली असती, तर बाबांना यायचं कारण उरलं नसतं. असं कुणी येत नसतं, हे मला माहीत आहे. मला विज्ञानात पंच्याऐंशी गुण आहेत.

४

सहा रविवारांपूर्वी माझी बाजू धुऊन झाली आणि मी दुसरी बादली उचलली. ती नेहमीपेक्षा जड लागली. पाणी ओतलं तर तळाशी चिखल होता. चांगला बोटभर. मऊ, तपकिरी.

माझी बाजू दर आठवड्याला धुतली जाते. तिच्यातून चिमूटभर वाळू निघते, तीही निघाली तर. मी उकिडवी बसून त्या चिखलात बोट फिरवलं आणि स्वतःला कारणं दिली. पत्र्यावरून माती पडली असेल. मांजराने बादलीत पाय घातला असेल. शेजाऱ्यांचं बांधकाम चालू आहे. कारणं चांगली होती. बाईंनी प्रत्येकाला एक गुण दिला असता.

मग मी उठले आणि टप बघितला.

मधली रेघ सरकली होती. माझा हात जिथे थांबतो, त्याच्या पलीकडे आणखी हातभर टप स्वच्छ होता. ओला होता. त्यावर पाण्याचे थेंब होते आणि ते अजून घरंगळत होते.

"आई, तू उजवीकडे धुतलंस?"

"मी?" आई खिडकीतून म्हणाली. तिच्या हातात लाटणं होतं. "त्या फटीत मी शिरले तर मला काढायला भिंत पाडावी लागेल."

मी हसले. पुढच्या रविवारी मात्र बादल्या मुद्दाम माझ्या पायाशी ठेवल्या आणि धुताना एकदाही पाठ फिरवली नाही. बादल्यांना कुणीही हात लावला नाही. शेवटी पाणी ओतलं. तळाशी चिखल होता. उजवा टप पूर्ण स्वच्छ होता, आणि खिडक्यांच्या वरची कडही.

बाबांचा हातमोजा छपराखाली खिळ्याला टांगलेला आहे. पिवळा, अंगठ्यापाशी उसवलेला. नऊ महिन्यांत तो वाळून पापडासारखा कडक झाला होता. त्या रविवारी त्याच्या टोकातून थेंब पडत होते. मी तो हातात घेतला. पाणी कोमट होतं. बाबांना थंड पाणी चालायचं नाही, ते हिवाळ्यात किटलीतलं थोडं ओतून घ्यायचे.

आईला मी सांगितलं नाही. मला वाटलं, ती मोजा धुऊन वाळत घालेल.

५

त्या आठवड्यांत मला रविवारचीच ओढ असायची. सोमवारी वाटायचं अजून सहा, मंगळवारी वाटायचं पाच. डबा उघडा ठेवून मी मैदानाकडे बघत बसायची आणि मैत्रीण विचारायची, "कोण गं, कुठल्या वर्गातला?" मी लाजले असं तिला वाटलं. वाटू दिलं.

दर रविवारी उजवी बाजू एक पट्टी खाली स्वच्छ व्हायची. वरून खाली, नियमाप्रमाणे. मी डावीकडे धूत असायची आणि मध्ये गाडी. पलीकडे काही दिसायचं नाही. पण कान दिला तर माझ्या मोज्याचा आवाज थांबल्यावरही एक आवाज थोडा वेळ चालू असायचा. ओल्या लोकरीचा, हलका. मी मुद्दाम मध्येच थांबायची. तो एक-दोन क्षणांनी थांबायचा. मग मी सुरू करायची आणि तोही. इतकं बरं वाटायचं, की मी दोनदा रडले आणि साबण डोळ्यांत गेला असं आईला सांगितलं.

पाचव्या रविवारी कोवळं ऊन पत्र्याच्या भोकातून थेट ड्रायव्हरच्या दारावर पडलं. मी फटीच्या तोंडाशी उभी होते. दार चकाकत होतं, आणि त्या चकाकीत रेघा होत्या. बारीक, एकात एक, गोल. कोळिष्टकं. सगळ्या दारभर.

बाबा गोल पुसत नाहीत. बाबांनी ताप असताना, अंधुक दिसत असताना, एका हाताला सलाइनची पट्टी असतानाही कधी गोल पुसलं नव्हतं.

मी फटीत शिरले आणि रेघेवरून नख ओढलं. ओरखडा खरा असेल तर नख अडतं, ही बाबांची चाचणी. नख अडलं नाही. काचेवरून गेल्यासारखं गेलं. रेघा वर नव्हत्याच.

मग मी नियम मोडला. बाबांच्या पेटीतलं पॉलिश काढलं आणि त्या दारावर सरळ हात मारले. रेघा हलल्या नाहीत, नुसत्या जास्त स्पष्ट झाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेआधी पुन्हा पॉलिश केलं. आणि तिसऱ्या दिवशी. दार इतकं खोल दिसायला लागलं, की त्यात हात घालावा.

तिसऱ्या दिवशी मी त्यात बघितलं. माझा चेहरा होता, वेणी होती, गणवेशाची कॉलर होती. माझ्या मागे भिंत दिसायला हवी होती. फटीत माझी पाठ भिंतीला टेकलेली होती, विटांचा गारवा मला कळत होता. दारात भिंत नव्हती. माझ्या मागे नुसती लांबच लांब जागा होती, दुसऱ्या बादलीतल्या पाण्यासारखी गढूळ. आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर, आतल्या बाजूने, एक ताटलीएवढं गोल स्वच्छ होत होतं.

काहीतरी तिथे गोल फिरत होतं. मागे बाही होती. कोपरापर्यंत दोनदा दुमडलेली.

मी त्या गोलावर तळवा ठेवला. गाडी सावलीत होती, पत्रा थंड होता, पण तेवढी जागा कोमट होती. फिरणं थांबलं. मी श्वास धरला. मग माझ्या तळव्याखाली ते पुन्हा सुरू झालं, हळू. मीही हात तसाच फिरवू लागले. तसं आम्ही किती वेळ केलं ते मला माहीत नाही. शाळेचा पहिला तास बुडला.

भीती वाटली ती दुपारी, भूगोलाच्या तासाला. तेव्हा आठवलं की तळवा ठेवल्यावर त्या हाताने मला ओळखल्याचं काहीच केलं नव्हतं. बोट टेकवलं नाही, टकटक केली नाही. तो नुसता गोल फिरत राहिला, कुणीतरी भोक मोठं करत असावं तसा.

पॉलिशच्या वासानेही डोकं गरगरतं म्हणतात. मी सकाळी काही खाल्लं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

६

गेल्या रविवारी आईने मला फटीत पकडलं. मी दाराला गाल लावून उभी होते.

"काल शाळेतून फोन होता," ती पुढून म्हणाली. "चार वेळा पहिला तास बुडालाय. काय चाललंय तुझं तिथे?"

मग आई आत आली. आडवी होऊन, सहज, भिंतीला न घासता. नऊ महिन्यांत ती किती वाळली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

तिने आधी दार बघितलं. मग टप, मग खिडकीची कड. मग खाली वाकून बघितलं. दाराच्या तळाशी वीतभर पट्टी अजून मळलेली होती. तेवढीच.

"किती दिवस?"

"सहा रविवार."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू थांबवलं असतंस."

आईने दारावर हात ठेवला. मला वाटलं ती चटकन काढून घेईल. तिने काढला नाही. डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. तिचा अंगठा हळूहळू हलत होता, ती बाबांच्या पाठीवर खोकल्याच्या वेळी फिरवायची तसा. मग तिने रेघांकडे बघितलं आणि हात पदराला पुसला.

"तुझे बाबा गोल पुसायचे का गं कधी?"

"नाही."

"मग?"

"पण काचेपलीकडचं बघायचं असेल तर गोल पुसतात. तेच म्हणायचे."

कुकरची शिट्टी झाली, तिने लक्ष दिलं नाही.

"पुढच्या रविवारी ही खालची पट्टी होईल," ती म्हणाली. "मग काय होईल?"

मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. वर्षानुवर्षं तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दर रविवारी ऐकलं होतं.

"विचारतील," मी म्हटलं.

"आणि तू काय म्हणशील?"

मी पायाकडे बघितलं.

"गाडी द्यायची," आई म्हणाली. "मी आजच मामाशी बोलते."

"तुला वाटतं ते बाबा नाहीत?"

"मला वाटतं ते असावेत." तिचा आवाज फुटला आणि तिने तो सावरला. "रोज वाटतं. म्हणूनच द्यायची. तू नसतीस ना, तर त्यांनी विचारायची वाटही बघितली नसती मी. लगेच म्हटलं असतं, माझीही झाली. पण बाजू बदलली की कोण कुठे जातं, ते तुला कळतंय का, राणी? ते इकडे येतील. आणि तू?"

तिने माझी हनुवटी वर उचलली.

"कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. द्यावंच लागलं तर एकच. अजून राहिलंय. आणि हे कुणाला सांगायचं नाही, मामालाही नाही. तो मला हसेल, आणि तुला डॉक्टरकडे नेईल."

मग ती कुकर बंद करायला गेली. भात खाली लागला होता. आम्ही तो तसाच खाल्ला.

गाडी घेणारे गृहस्थ बुधवारी बघून गेले. मामाने त्यांना सांगितलं, "पोरीने जीव लावून ठेवलीय." ते ड्रायव्हरच्या दाराशी वाकले, चकाकीत स्वतःचे केस सारखे केले, आणि एकदम मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. ते हसले. म्हणाले, रंग छानच आहे. आई म्हणाली, लगेच न्या. पण त्यांना रविवारच मोकळा होता.

७

आज आई गेल्यावर मी खरंच मागच्या खोलीत बसले होते. साहित्य लिहिलं, कृती लिहिली. मग पाण्याचा आवाज आला.

मी पायरीवर आले. नळ बंद होता. खिळ्यावर पिवळा मोजा नव्हता.

मी उत्तर देणार नव्हते. अजूनही देणार नाही. पण माझी बाजू आठवड्याच्या धुळीत होती, आणि पलीकडे कुणीतरी शेवटची पट्टी धूत होतं, आणि मी नुसती बघत बसायचं? मी कधी अर्धी गाडी सोडलीय का, असं विचारणाऱ्या माणसाबरोबर मी सात वर्षं गाडी धुतली आहे. मी दोन बादल्या भरल्या. आधी नुसतं पाणी. धूळ आपल्या पायांनी खाली उतरली. मग टप, खिडक्या, दारं, चाकं. सरळ हात. दाराखालची पट्टी गुडघे टेकून धुतली. टॉवेलने टिपून घेतली. एक डाग ठेवला नाही. माझ्या आयुष्यात इतकी चांगली बाजू मी धुतली नव्हती.

ती धुऊन झाल्यावर मला कळलं की मी काय करून बसले.

म्हणून मी पायरीवर बसून हे लिहिते आहे. हात गुंतलेले असले की तोंड गप्प राहतं. साडेनऊ होत आले आहेत. आईची रिक्षा कोपऱ्यावर वळली की आवाज येतो, तो अजून आलेला नाही. पलीकडे लोकरीचा आवाज चालू आहे. जमिनीजवळ आहे. फटीतून पाण्याचा एक ओघळ पुढे येतो आहे, तपकिरी, आणि बाईसाहेबांच्या पुढच्या चाकाशी वळतो आहे.

आवाज थांबला.

टपावर दोनदा टकटक झालं. मांजर असेल असं मी लिहिणार होते, पण मांजर समोर कुंपणावर बसलं आहे आणि तेही टपाकडेच बघतं आहे.

"माझी झाली. तुझी?"

आवाज बाबांचाच आहे. एका श्वासात म्हणाले. खोकला नाही. त्यांचा खोकल्याशिवायचा आवाज असा होता हे मी विसरले होते. हा कुठून आणला असेल कुणी, मला जर तो आठवत नव्हता?

मी फक्त बाही बघून येऊ का? नको. मला दोनच शब्द म्हणायचे आहेत, ते ठरलेले आहेत. ते म्हटले की ते फटीत उभे राहतील, वाट बघतील, आणि दहा वाजता गाडी जाईल, वाट बघता बघताच. शीळ सुरू झाली आहे. रिक्षा कोपऱ्यावर वळल्याचाही आवाज येतो आहे, आई आली, आईच असणार, मला पळत फाटकाशी जायला हवं. पण माझं काही राहिलेलं नाही. दारं झाली, चाकं झाली, खालची पट्टीसुद्धा झाली, आणि या बाबतीत मी त्यांच्याशी पुन्हा खोटं बोललेले नाही, आणि आता ते नाव घेऊन हाक मारत आहेत, चिमटे, चिमटे म्हणून, आणि मी